चुकिचा खिळा तसाच ठेवून मजकूर कसा सुधारला?

जुना_खिळा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

जीवशास्त्राशी माझा संबंध कॉलेजात बेडूक फाडला तेवढाच. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात ३१ वर्षं कंपोझिटर होतो. केसमधून खिळे, म्हणजे अक्षरांचे शिशाचे ठसे, उचलून स्टिकमध्ये जुळवायचे, गॅलीवर घ्यायचे, प्रूफ काढायचं. मुद्रितशोधकाने खूण केली की चिमट्याने खिळा उपसायचा आणि बरोबरचा बसवायचा. ऑफसेट आलं आणि आमचे खिळे किलोवर भंगारात गेले, ते जाऊ दे.

पुतणी पाषाणला एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. गेल्या रविवारी जेवायला आली होती. आमटी वाढताना सहज विचारलं, तुम्ही तिथे नक्की करता काय? तिने सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं उदाहरण दिलं. मला कळलं ते असं. रक्तातलं हिमोग्लोबिन हे प्रोटीन. त्यातली बीटा नावाची साखळी १४६ मण्यांची. कुठला मणी कुठे ते डीएनएमध्ये लिहिलेलं. तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाला एक मणी. सहाव्या मण्याचा शब्द 'जीएजी' हवा, तिथे 'जीटीजी' पडला की ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि तेवढ्यावर माणूस जन्मभर आजारी. एक खिळा! आम्ही शुद्धिपत्र लावून मोकळे झालो असतो.

मी म्हटलं, मग डीएनए कापणारी ती क्रिस्पर नावाची कात्री आहे ना, तिने तेवढा खिळा बदला की. ती हसली. म्हणाली, "काका, उपचार निघालाय, मान्यता मिळालीय, लोक बरे होतायत. पण तो खिळा कुणी बदललेलाच नाही. चूक जिथल्या तिथे आहे." तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला आणि ती ताक न पिता गेली.

आठवडा झाला, डोक्यातून जात नाही. चूक जागच्या जागी ठेवून मजकूर सुधारतो कसा? आणि मुळात एका अक्षराने एवढा घोळ का व्हावा? आमच्याकडे एखादा खिळा उलटा पडला तरी वाचक समजून घ्यायचा.

ताकपिठं | शनिवार, रात्री ९:५२

शीर्षकात 'चुकिचा' ऱ्हस्व. आणि म्हणे ३१ वर्षं कंपोझिटर. :)

जुना_खिळा | शनिवार, रात्री ९:५८

मेलो! मोबाइलवर टंकलं हो. संपादक मंडळ, दुरुस्त करता येईल का?

पेशीवाली | शनिवार, रात्री ११:१५

काका, मस्त धागा. मी याच क्षेत्रात आहे, जमेल तसं लिहिते.

तुमची छपाईची उपमा डीएनएपर्यंत छान चालते. प्रोटीनपाशी आली की मोडते. छापलेली ओळ कागदावर सरळ पडून राहते. प्रोटीनची साखळी तयार होतानाच दुमडायला लागते. नऊवारी डोळ्यांसमोर आणा. शिवण नाही, बटण नाही, सगळा आकार निऱ्या कुठे आणि काष्टा कुठे खोचला यावर. फरक एवढाच की ही नऊवारी स्वतःच स्वतःला नेसते. ॲनफिन्सेन नावाच्या शास्त्रज्ञाने रायबोन्युक्लिएज हे प्रोटीन रसायनं घालून पार उलगडलं आणि नंतर ती रसायनं काढून घेतली, तर ते आपसूक पुन्हा पहिल्या आकारात आलं. म्हणजे घडी कशी घालायची हे मण्यांच्या क्रमातच दडलेलं असतं. त्याला १९७२चं नोबेल मिळालं.

घडीचा ढोबळ नियम सोपा आहे. काही मण्यांना पाणी आवडतं, ते बाहेर राहतात. काही तेलकट, ते पाण्याला पाठ फिरवून आत लपतात. शिवाय साखळी वाटेल तशी वळत नाही. कुठले कोन शक्य आणि कुठले अशक्य याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. आज जगात कुणीही प्रोटीनची रचना काढली की ती आधी रामचंद्रन प्लॉटवर तपासतात. आपल्याकडे शाळेत हे नाव क्वचितच कानावर पडतं, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आता तुमचा सहावा मणी. तो असतो बाहेरच्या बाजूला. ग्लुटामिक ॲसिडवर ऋण भार, पाणी त्याला आवडतं. त्याच्या जागी आलेलं व्हॅलिन तेलकट. म्हणजे गुळगुळीत चेंडूवर एक चिकट ठिपका. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर त्या ठिपक्याला बरोबर बसेल अशी खोबण उघडते. मग एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत लांबच लांब दोर होतात. पेशी आतून ताणली जाते, विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. तुमच्या वाचकासमोर एक प्रत असते. इथे एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, आणि चुकीच्या प्रती एकमेकींना चिकटतात.

हिंजवडी_रिटर्न | रविवार, सकाळी ८:०५

रचनेचा प्रश्न आता सुटलाय ना पण? अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने २० कोटींच्या वर प्रोटीनांचे आकार २०२२ मध्येच सगळ्यांना खुले केले. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच. साखळी टाका, आकार घ्या.

पेशीवाली | रविवार, सकाळी ८:४०

निम्मं नोबेल. अल्फाफोल्डचे हसाबिस आणि जंपर यांना अर्धं. उरलेलं बेकर यांना, नवी प्रोटीनं रचण्यासाठी. आणि अल्फाफोल्ड थोरच आहे, मीही रोज वापरते. पण सिकलसेलचं हिमोग्लोबिन सुटं घेतलंत तर त्याचा आकार निरोगी हिमोग्लोबिनसारखाच दिसतो. बिघाड एकट्या रेणूत दिसतच नाही, गर्दी झाली की दिसतो. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या शनिवारी एकेक माणूस तपासून गर्दीचं कारण सापडेल का?

हिंजवडी_रिटर्न | रविवार, सकाळी ८:४३

पटलं.

लालपेशी | रविवार, सकाळी ११:३०

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत. काकांच्या मूळ प्रश्नाची किल्ली एका जुन्या निरीक्षणात आहे. सिकलसेल असलेलं बाळ जन्मतः ठणठणीत असतं. त्रास सुरू होतो साधारण सहा महिन्यांनंतर. खिळा तर पोटात असल्यापासून चुकीचा, मग हे सहा महिने कुठून आले?

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात दोन अल्फा साखळ्या आपल्यासारख्याच, पण बीटाच्या जागी दोन गॅमा. आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला ते जास्त तरबेज. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद होत जातो आणि बीटा सुरू होतो. गॅमाच्या साखळीत ती चूक नाही, कारण तो वेगळाच मजकूर आहे. वर गॅमावालं हिमोग्लोबिन त्या दोरांमध्ये नीट बसत नाही, दोर वाढण्यात खोडा घालतं. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन यांनी नवजात बाळांच्या रक्तावरून हे ओळखलं होतं. तेव्हा डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती!

गॅमाचं जनुक आपल्या सगळ्यांकडे आहे. तुमच्या, माझ्या, ताकपिठं यांच्याही. ११व्या गुणसूत्रावर बीटाच्या शेजारीच. फक्त बंद करून ठेवलेलं.

जुना_खिळा | रविवार, दुपारी १२:१०

थांबा थांबा. म्हणजे बांधून ठेवलेला फर्मा!

तरुण मंडळींसाठी सांगतो. काही कामं अशी असायची की छपाई झाल्यावर खिळे मोडून परत केसमध्ये टाकायचे नाहीत. पावतीपुस्तकं, आरत्यांची पुस्तिका, कार्यालयांची छापील पत्रकं. पुन्हा ऑर्डर येणार हे माहीत असायचं. मग जुळवलेला मजकूर सुतळीने घट्ट बांधून, कागदात गुंडाळून, वर खडूने नाव लिहून फळीवर ठेवायचा. वर्षानुवर्षं धूळ खायचा, पण आत एकेक खिळा जागच्या जागी.

तर पहिली आवृत्ती गॅमाची, फळीवर बांधलेली. दुसरी आवृत्ती बीटाची, तिच्यात चूक. यांनी दुसरी दुरुस्त न करता पहिलीची सुतळी सोडली आणि तीच पुन्हा छापायला घेतली. बरोबर ना?

लालपेशी | रविवार, दुपारी १२:१४

काका, दंडवत.

पेशीवाली | रविवार, दुपारी १:०२

+१. हे मी आता शिकवताना वापरणार, तुमची परवानगी गृहीत धरते.

सुतळीचंही सांगते. तिचं नाव बीसीएल११ए, हे एक प्रोटीन. याचं जनुक आहे २ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, म्हणजे फर्मा एका मजल्यावर आणि बांधणारा माणूस दुसऱ्याच. काही लोकांत मोठेपणीही गॅमा थोडा चालू राहतो आणि ते तब्येतीने उत्तम असतात. २००८च्या सुमारास अशा लोकांचे जनुक तपासताना या बीसीएल११एवर बोट पडलं. पण त्याला सरसकट मारून चालत नाही. मेंदूत आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींत त्याला दुसरी कामं आहेत. मग सापडली एक गंमत. हे जनुक लाल पेशी घडवणाऱ्या पेशींतच जोरात चालावं यासाठी डीएनएमध्ये एक वेगळा तुकडा आहे. तो स्वतः कुठलंच प्रोटीन सांगत नाही, नुसतं बटण आहे. तेवढं बटण तोडलं की रक्ताच्या कारखान्यात सुतळी सुटते, बाकी शरीरात बांधलेली राहते.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सोनं इथे आहे. जनुक म्हटलं की लोकांना वाटतं, आत काय लिहिलंय ते महत्त्वाचं. आपल्याकडे प्रोटीनं सांगणारी जनुकं जेमतेम २० हजार आणि डोळ्याच्या नि यकृताच्या पेशीत तीच. डोळा डोळा होतो तो त्यातली कुठली उघडली आणि कुठली मिटली यावरून.

शंकासुर | रविवार, दुपारी ३:२०

सगळं गोड आहे. पण सरळ चूक का दुरुस्त करत नाहीत? एवढी कात्री हातात असताना शेजारून फिरून यायचं कारण काय?

पेशीवाली | रविवार, संध्याकाळी ६:४५

कारण ती कात्रीच आहे, चिमटा नाही.

क्रिस्परमधली कात्री म्हणजे कॅस-९ हे प्रोटीन. त्याला २० अक्षरांचा आरएनए वाटाड्या देतात. तो जुळणारी जागा शोधतो, कात्री डीएनएच्या दोन्ही दोऱ्या तोडते, आणि तिचं काम संपतं. पुढची शिवण पेशी स्वतः घालते, आणि घाईत घालते. एखाददुसरं अक्षर गळतं नाहीतर जादा घुसतं. एखादी गोष्ट मोडायची असेल तर ही घिसाडघाई फायद्याची. म्हणून बटण तोडायला कात्री अगदी योग्य. नेमकं एक अक्षर बदलायचं तर सोबत नमुना द्यावा लागतो आणि पेशीने तो बघून शिवावं लागतं. अस्थिमज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी त्या बाबतीत भारी आळशी.

आता चिमटेही आलेत. २०१६ मध्ये डेव्हिड ल्यू यांच्या प्रयोगशाळेने बेस एडिटर काढला. दोन्ही दोऱ्या न तोडता एक अक्षर बदलतो. पण त्याला सगळे बदल जमत नाहीत. सिकलसेलच्या 'जीटीजी'चा परत 'जीएजी' करणं त्याच्या आवाक्यात नाही. 'जीसीजी' मात्र जमतं. त्याने येतं ॲलानिन, आणि ॲलानिनवालं हिमोग्लोबिन निसर्गात आधीपासून आहे. इंडोनेशियातल्या मकासरवरून त्याला मकासर म्हणतात, आणि ते निरुपद्रवी आहे. उंदरांवर हा प्रयोग यशस्वी झाल्याचं २०२१ मध्ये छापून आलं.

जुना_खिळा | रविवार, संध्याकाळी ७:०५

हे आम्ही कितीदा केलंय! केसमधले 'ळ' संपले की मालक म्हणायचे, वाक्यच बदला.

ताकपिठं | रविवार, संध्याकाळी ७:३०

माझ्या कामाचं कुणी बोलेना म्हणून मीच बोलतो. क्रिस्पर हे मूळचं बॅक्टेरियांचं हत्यार, विषाणू ओळखून त्यांना तोडायचं. आणि हे प्रयोगाने पहिल्यांदा सिद्ध झालं २००७ मध्ये, दह्याच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर. डॅनिस्को या विरजण बनवणाऱ्या कंपनीतले लोक, विषाणूंमुळे विरजण बिघडतं म्हणून वैतागलेले. डाउडना आणि शार्पांतिए यांचा कात्रीवाला शोधनिबंध २०१२चा, नोबेल २०२०चं. दही आधी, नोबेल नंतर. पुतणीने ताक सोडून जायला नको होतं.

जुना_खिळा | रविवार, संध्याकाळी ७:४२

एक भाबडा प्रश्न. ही कात्री सुईने रक्तात सोडून द्यायची का?

लालपेशी | रविवार, रात्री ८:१५

नाही. लाल पेशी पक्व होताना आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते. तिच्यात डीएनए उरतच नाही, दुरुस्त काय करणार? आयुष्य जेमतेम १२० दिवस. म्हणून कारखान्यात, म्हणजे अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत बदल करावा लागतो.

कॅसजेव्ही नावाच्या उपचारात तेच करतात. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने डिसेंबरमध्ये. औषधाने मूळ पेशी रक्तात उतरवून गोळा करायच्या, प्रयोगशाळेत कात्री चालवायची, तपासायच्या, गोठवायच्या. मग रुग्णाला बुसल्फान हे तीव्र केमो देऊन जुनी मज्जा रिकामी करायची आणि सुधारलेल्या पेशी परत सोडायच्या. केस जातात, काही आठवडे दवाखान्यातच, आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. अमेरिकेने मान्यता देताना पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने वेदनेचा एकही तीव्र झटका आला नाही. किंमत तिकडे २२ लाख डॉलर. आपल्या हिशेबात १८ कोटी रुपयांच्या वर.

सातपुड्याची | रविवार, रात्री १०:५०

दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको असं होत होतं.

मी धडगाव तालुक्यातली, पुण्यात शिकते. माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे दोन्ही प्रती चुकीच्या. आई-बाबा दोघंही एएस, म्हणजे एकच प्रत चुकीची, त्यांना कधीच काही त्रास नाही. आमच्या पाड्यावर हे घराघरात आहे. बहिणीला विळा, दोर, खोबण यातलं काही माहीत नाही, पण थंडीत हाडं आतून कुणीतरी पिळतंय असं ती म्हणते. मागच्या डिसेंबरात माझ्याकडे आली होती. पाणी कमी प्यायली, पहाटेची थंडी लागली आणि रात्री दुखणं सुरू झालं. ज्या दवाखान्यात नेलं तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, परीक्षा आहे का उद्या? त्यांना ते नाटक वाटलं. सलाइन आणि दुखण्याचं इंजेक्शन मिळेपर्यंत चार तास गेले.

१८ कोटी वाचून हसू आलं. आमच्याकडे हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर मिळाली तरी पुष्कळ. दोन वर्षांपासून रोज घेते, तेव्हापासून झटके खूप कमी झालेत. ती गोळी नक्की काय करते ते मला कुणी सांगितलं नाही. कॅन्सरची गोळी आहे म्हणून आई घाबरते.

लालपेशी | रविवार, रात्री ११:२०

ताई, बरं झालं लिहिलंत. आईला सांगा, हे औषध कॅन्सरमध्येही वापरतात हे खरं, पण सिकलसेलमध्ये ते फार वर्षांपासून देतात. अमेरिकेत १९९८ पासून त्यासाठीच मान्यता आहे. आणि ती गोळी काय करते? वर काकांनी सांगितलं तेच. फळीवरच्या फर्म्याची सुतळी थोडी सैल करते. बहिणीच्या रक्तात बाळपणीचं, गॅमावालं हिमोग्लोबिन वाढतं. १८ कोटींच्या उपचाराची आणि त्या गोळीची वाट वेगळी, पण मुक्काम एकच गाव. गोळी रोज घ्यावी लागते, सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, आणि रक्ताच्या पेशी कमी होत नाहीत ना हे ठरावीक दिवसांनी तपासावं लागतं. ती तपासणी मात्र चुकवू नका. ताप आला किंवा छातीत दुखलं तर घरी थांबायचं नाही. गरोदरपणाचा विचार असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं.

आणि पुढच्या वेळी कुणी परीक्षेचं विचारलं तर आधी रिपोर्ट टेबलावर ठेवा. एसएस ही दोन अक्षरं वाचता येत असतील अशी आशा करू.

सातपुड्याची | रविवार, रात्री ११:३१

आज पहिल्यांदा कळलं. आईला उद्या आमच्या पावरी बोलीत सांगते. सुतळीचं तिला लगेच समजेल.

शंकासुर | सोमवार, सकाळी ९:१०

माझा वरचा सूर खटकला असेल तर माफ करा. शंका मात्र आहेच. ३२० कोटी अक्षरांच्या पुस्तकात २० अक्षरांची जागा शोधताना कात्री भलतीकडे चालली तर? आणि २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई नावाच्या शास्त्रज्ञाने गर्भातच बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, ते विसरायचं?

पेशीवाली | सोमवार, सकाळी ९:५५

विसरायचं नाहीच. त्यांना ३ वर्षांची शिक्षा झाली. तिथे बदल गर्भात केला होता, म्हणजे पुढच्या पिढ्यांत उतरणारा. मज्जेतल्या पेशीत केलेला बदल त्या माणसाबरोबर संपतो. या दोन गोष्टी कधीच एका वाक्यात बसवू नयेत.

भलतीकडे कात्री चालणं ही शंका रास्त आहे, म्हणूनच रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवतात. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुकशास्त्र संस्थेत फ्रॅन्सिसेला नोव्हिसिडा या बॅक्टेरियातला कॅस-९ वापरतात. वाटाड्याशी न जुळणाऱ्या जागेवर तो सहसा बसत नाही. सिकलसेलसाठी त्यांचा देशी उपचार बिरसा १०१ या नावाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला, आणि तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करार झाला. करार म्हणजे औषध नव्हे, मधे चाचण्यांचा सगळा घाट आहे. पण सातपुड्याची यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

ताकपिठं | सोमवार, सकाळी १०:२०

संपादक मंडळाकडून उत्तर आलं का शीर्षकाचं?

संपादक_मंडळ | सोमवार, सकाळी ११:००

प्रतिसाद आल्यावर शीर्षक बदलता येत नाही. क्षमस्व.

जुना_खिळा | सोमवार, सकाळी ११:०४

राहू दे.

पेट्रीडिश | सोमवार, रात्री ९:१५

काका!! लॅबमधल्या एका ताईने हा धागा पाठवला आणि वाचता वाचता "आमटी वाढताना"पाशी मला शंका आली. पेशींना दर दोन दिवसांनी नवं पोषकद्रव घालावं लागतं, त्या दिवशी माझी पाळी होती आणि मी विसरले होते, म्हणून पळाले. आणि ताक सोडून गेले नव्हते, काकूने ते आधीच तुम्हाला वाढून संपवलं होतं. रविवारी येते. तो फर्मा अजून माळ्यावर असेल तर काढून ठेवा, मला बघायचाय.